हद्दीबाहेरचा उंदीर

हेडक्लार्कांच्या घरात उंदीर झाले आहेत, ही बाब सर्वप्रथम अंघोळीच्या साबणाने निदर्शनास आणली. वडीचा एक कोपरा गायब होता आणि उरलेल्या भागावर बारीक दातांच्या खुणा होत्या. हेडक्लार्कांनी चष्मा लावला, वडी उजेडात धरून उलटसुलट पाहिली, "प्रथमदर्शनी तथ्य दिसतं," असा अभिप्राय दिला आणि वडी पुन्हा साबणदाणीत ठेवली.

"प्रथमदर्शनी?" बायको म्हणाली. "अहो, काल तो तुमच्या मोज्यात झोपला होता. मी मोजा झटकला तर माझ्यावरच डोळे वटारले मेल्याने. एक कान तुटका आहे त्याचा."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. तुम्ही म्हणालात, लेखी दे."

हे खरं होतं. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी हेडक्लार्कांना तोंडी तक्रार ऐकू यायची नाही. लोक त्यांना अजून हेडक्लार्कच म्हणत आणि त्यांनाही दुसऱ्या कशाने हाक मारलेली कळत नसे.

घर गावाबाहेर, शेताला लागून. तशी तिथे चार घरं होती. चौघांची परसं मागच्या बाजूने एकमेकांना भिडलेली, मध्ये कंबरेएवढ्या दगडी भिंती. हेडक्लार्कांच्या उजवीकडे कंपाउंडर, त्यांच्या पुढे दूधवाल्या काकू, त्यांच्या पुढे पाट्या रंगवणारा पेंटर, आणि पेंटरच्या पुढे पुन्हा हेडक्लार्क. असं ते गोल फिरून जागेवर येई. चारही परसांचे कोपरे जिथे मिळत, तिथे जळणाच्या लाकडांचा मोठा ढिगारा होता. ढिगारा सामाईक होता. म्हणजे लाकूड काढायचं असलं की तो ज्याचा त्याचा, आणि साफ करायचा असला की शेजाऱ्याचा.

साबणापुरतं प्रकरण असतं तर हेडक्लार्कांनी वडी बदलली असती. पण त्यांच्या बायकोने बोलण्याच्या ओघात ही गोष्ट शहरातल्या लेकीला फोनवर सांगितली. लेक पहिल्यांदाच बाळाला घेऊन माहेरी यायची होती. नात रांगायला लागली तरी आजोबांनी तिला पाहिलं होतं ते फोनच्या काचेतच. तिथे ती कधी नुसतं कपाळ दिसायची, कधी नुसती नाकपुडी. तिच्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने पांगुळगाडा बनवला होता. रोज सकाळी ते त्याच्या चाकांना तेल घालत, आणि कोणी बघत नाही असं पाहून तो अंगणात एकटेच चालवून बघत. चाकं कुरकुरली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

"बाबा," लेक म्हणाली, "माझं बाळ जमिनीवर असतं. हाताला लागेल ते तोंडात घालतं. तुमच्या घरात एक जरी उंदीर दिसला ना, तर मी उलट्या पावली परत. मग म्हणू नका, पोरीने घात केला."

"एकही दिसणार नाही," हेडक्लार्क म्हणाले. त्यांनी शब्द दिला होता तो न दिसण्याचा, आणि शब्द देताना नेमका कितपत द्यायचा हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं होतं.

आता इथे हेडक्लार्कांची कामाची पद्धत सांगायला हवी. उभ्या नोकरीत त्यांच्या टेबलावर एकही प्रकरण प्रलंबित राहिलं नव्हतं. सकाळी आलेला कागद संध्याकाळी त्यांच्या टेबलावर दिसला, असं कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. कारण कागद आला की ते वाचत बसत नसत. 'योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे' एवढं लिहून तो शेजारच्या टेबलावर सरकवत. एकदा ओढ्यावरचा पूल खचल्याचं प्रकरण आलं होतं. ते सगळ्या टेबलांवरून फिरून हेडक्लार्कांकडे परत येईपर्यंत पूल पार वाहून गेला. मग ते दुरुस्तीचं प्रकरण राहिलंच नाही आणि आपोआप निकाली निघालं. या कामाबद्दल त्यांचा सत्कार झाला होता. नारळ त्यांना, शाल साहेबांना.

तेव्हा उंदराच्या प्रकरणातही त्यांनी हीच पद्धत अवलंबली. बाजारातून पिंजरा आणला, आत तळलेल्या पावाचा तुकडा अडकवला आणि संध्याकाळी चुलीमागे ठेवला. सकाळी आत तुटक्या कानाचा उंदीर. पाव संपवून तो पुढच्या कामाची वाट बघत बसला होता.

"मारा त्याला," बायको म्हणाली.

"मारू?" हेडक्लार्क दचकले. "अगं, प्रकरण बंद करायचे अधिकार आपल्याला नाहीत. आपण फक्त पुढे पाठवायचं."

पिंजऱ्यावर पिशवी टाकून ते परसात गेले. इकडे तिकडे पाहिलं. उजव्या भिंतीवर पिंजरा टेकवून दार कंपाउंडरांच्या बाजूला उघडलं. उंदीर शांतपणे उतरून गेला. हेडक्लार्कांनी हात झटकले, आणि नोकरीतल्यासारखं हलकं हलकं वाटून त्यांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा चहा मागितला.

"पण तो कंपाउंडरांकडे गेला ना!" बायको म्हणाली.

"हो. आता ते बघतील. जाणकार माणूस आहे, औषधांतला."

दोन-चार दिवस गेले, आणि एका सकाळी कानतुट्या पुन्हा पिंजऱ्यात हजर. अंगाने थोडा भरला होता. वास येत होता तो दुधावरच्या सायीचा आणि रंगाच्या टर्पेंटाइनचा. म्हणजे कंपाउंडरांनी त्याला काकूंकडे पाठवला होता, काकूंनी पेंटरकडे आणि पेंटरने तो हेडक्लार्कांना सादर केला होता. अंगावर शेरा तेवढा नव्हता, बाकी सगळं सरकारी कागदासारखंच झालं होतं.

दुसऱ्या कोणाला संताप आला असता. हेडक्लार्कांचे डोळे पाणावले. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांना आपलं ऑफिस भेटत होतं.

ते उंदीर पुन्हा पुढे पाठवायला निघाले. पण त्या दिवशी भिंतीशी कंपाउंडरही उभे होते, आणि त्यांच्याही पाठीमागे पिशवी होती. वास्तविक त्यांनी आपल्या उजव्या भिंतीला जायचं. पण तिकडे काकू भांडी घासत बसल्या होत्या, म्हणून ते उलटे इकडे आले असावेत.

"काय कंपाउंडर, इकडे कुठे?"

"सहज. भिंत बघत होतो. जुनी झालीय."

"मीही भिंतच बघायला आलो. हातात काय आहे?"

"पिशवी."

"हलतेय."

"वारा आहे जरा," कंपाउंडर म्हणाले. "तुमचीही हलतेय."

"वारा सगळीकडेच आहे हल्ली," हेडक्लार्क म्हणाले.

तेवढ्यात कंपाउंडरांच्या पिशवीतून चूं असा आवाज आला. दोघेही सभ्य गृहस्थ. दोघांनीही आभाळाकडे पाहिलं आणि यंदा पक्षी फार झालेत यावर त्यांचं एकमत झालं.

चारही घरं कानतुट्याला ओळखत होती. त्याचं खाणं, झोपणं, कोणता पिंजरा त्याला जास्त मानवतो, सगळं ठाऊक. पण ओळखतो म्हणायची सोय नव्हती. 'हा तोच' असं म्हणायचं तर 'हा मी आधी पाहिलाय' म्हणायला लागणार, आणि मग 'पाहिलात तर पुढे काय केलंत' हा प्रश्न आलाच. त्यामुळे कानतुट्या रोज प्रत्येकाला नव्याने भेटत असे.

हेडक्लार्कांच्या बायकोला मात्र या सभ्यतेचा उबग आला. ती म्हणाली, "अहो, बिळं बुजवा. धान्याच्या कोठीला झाकण करून घ्या. आणि तो ढिगारा हलवा, सगळी वीण त्याच्याखाली आहे. एका दिवसाचं काम!"

"ढिगारा सामाईक आहे."

"मग चौघांनी मिळून हलवा."

"चौघांनी हलवायचा म्हणजे तो चौघांचा आहे हे आधी ठरायला हवं. ते ठरवायचं तर कोणीतरी विषय काढायला हवा. विषय काढला तर उंदीर आहेत असं होतं." हेडक्लार्क समजुतीच्या स्वरात म्हणाले. "तुला वाटतं तेवढं सोपं नसतं ते."

बायकोने पदर खोचला आणि एकटीनेच पहिलं लाकूड उचललं. त्याबरोबर तीन दिशांना तीन डोकी भिंतीवर आली. "वहिनी, ती आमची लाकडं," पेंटर म्हणाला. "ढिगाऱ्याला हात लावायचा नाही हं, सांगून ठेवते," काकू कडाडल्या. "आमचा नीट रचलेला आहे." कंपाउंडर फक्त खाकरले, पण तेही मालकीहक्काने. बायकोने लाकूड टाकून दिलं. खालून काहीतरी सरसरत आत गेलं. ते चौघांनी पाहिलं आणि चौघांनाही दिसलं नाही.

इकडे लेकीचे फोन चालूच होते. "गेले का हो उंदीर?" आणि मागून नातीचा 'आब् आब्' असा आवाज. हेडक्लार्क त्या आवाजावर फोन कानात घुसवून बसत. "जात आहेत, जात आहेत," ते म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. उंदीर रोज जात होते.

शेवटी त्यांनी सवयीने उपद्रवनिवारण खात्याला पत्र टाकलं, आणि नवलाची गोष्ट म्हणजे खात्याकडून निरीक्षक स्वतः जीप घेऊन आले. ते फार अडचणीत होते. वरून मोहीम आली होती, 'उंदीरमुक्त घर'. जो घराला उंदीरमुक्त करेल त्याच्या दारावर खात्याची पाटी लागणार होती. पण उंदीर गेला हे मोजायचं कसं, यावर घोडं अडलं होतं.

"मारलेला उंदीर पुरावा म्हणून जमा करा म्हटलं," निरीक्षक कपाळाला हात लावून म्हणाले, "तर एका गावाने खरंच केला. उन्हाळ्याचे दिवस. आमच्या कार्यालयात दोन आठवडे कोणी फिरकलं नाही. तसे एरवीही फिरकत नाहीत, पण या वेळी कारण होतं."

हेडक्लार्कांनी चष्मा पुसला. त्यांना आपल्या आयुष्याचं प्रयोजन समोर दिसत होतं. "साहेब, घरातून उंदीर जावा एवढंच खात्याला हवं आहे ना? मग अशी व्याख्या करा. जो उंदीर घराच्या हद्दीबाहेर गेला, तो त्या घरापुरता निकाली निघाला असे समजण्यात यावे."

निरीक्षकांनी व्याख्या वहीत उतरवून घेतली. मग त्यांनी हेडक्लार्कांचा हात दोन्ही हातांत धरला. "अहो, तुम्ही निवृत्त का झालात?"

व्याख्या वर गेली आणि मंजूर होऊन खाली आली. खात्याने चारही घरांना नवे पिंजरे दिले आणि काढलेला प्रत्येक उंदीर तोंडी कळवायला सांगितलं. मग काय विचारता! पूर्वी जे चोरून चालायचं ते आता मानाने चालू लागलं. भिंतीशी उभं राहिलं की वारा, पक्षी असली सबब लागेना. फक्त समोरचा आत गेल्याशिवाय दार उघडायचं नाही, एवढा संकोच सगळ्यांनी पाळला. काकू उंदरांसाठी साय बाजूला काढू लागल्या आणि गिऱ्हाइकांचं दूध त्या प्रमाणात निळसर दिसू लागलं. कंपाउंडर पिंजऱ्यात खोकल्याच्या गोळ्या ठेवत, गोड असतात म्हणून. उंदीर गुबगुबीत झाले. पकडले जाण्यात काही वाईट नाही हे त्यांना कळलं होतं. कानतुट्या तर पिंजरा लावायला उशीर झाला की चुलीपाशी येऊन बसे आणि हेडक्लार्कांकडे टक लावून बघे.

निकाली निघालेल्या उंदरांची संख्या इतकी वाढली, की एवढे उंदीर त्या मुलखात मुळात होते कुठे, अशी वरून विचारणा आली. निरीक्षकांनी उत्तर दिलं, 'होते. आता नाहीत.' वरचे खूश झाले. चारही घरांना एकत्र पाटी द्यायचं ठरलं आणि पाहणीचा दिवस नक्की झाला.

हेडक्लार्कांनी लेकीला फोन केला. "ये. सरकार लिहून देतंय, उंदीर नाहीत म्हणून. आता तरी विश्वास ठेवशील ना बापावर?"  मग त्यांनी पांगुळगाड्याला पुन्हा एकदा तेल घातलं. एका चाकाची कड कोणीतरी कुरतडली होती. तिथे त्यांनी रंगीत कागद चिकटवला.

पाहणीच्या दिवशी सकाळी चारही पिंजरे भरले होते. आणि इथेच पद्धत पहिल्यांदा अडली. त्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या भिंतीशी काठी घेऊन खडा पहारा देत होता. कोणी कोणाकडे पाठवायचं? कोणी घेतच नव्हतं. उभ्या नोकरीत हेडक्लार्कांनी असा प्रसंग पाहिला नव्हता, की प्रकरण हातात आहे आणि शेजारचं टेबल बंद.

तेवढ्यात निरीक्षकांची जीप आली आणि रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत उभी राहिली. मागचं दार उघडं, आत पाट्यांचे गठ्ठे, रिकामी पोती. निरीक्षक कंपाउंडरांच्या ओसरीवर सरबत घेत बसले, ड्रायव्हर झाडाखाली पाय पसरून डुलकी काढू लागला. हेडक्लार्कांनी जीपकडे पाहिलं. जीप कोणाच्याच घराच्या हद्दीत नव्हती.

पिंजऱ्यावर टॉवेल टाकून ते निघाले. जीपच्या मागून पेंटर येत होता. "साहेबांना कुंचला दाखवायला गेलो होतो," तो म्हणाला. हातात रिकामा डबा होता. त्याच्या पाठोपाठ काकू. "साहेबांसाठी दुधाचा कॅन ठेवला हो." कॅन मात्र काखेतच होता. कंपाउंडरांचा पाहुणचार बघता त्यांचं काम सगळ्यात आधी उरकलेलं दिसत होतं. हेडक्लार्क जीपमागे गेले. आत पोती आपोआप हलत होती. त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. कानतुट्या उतरला, एकदा मागे वळून पाहिलं आणि पोत्यात शिरला.

मग पाहणी झाली. निरीक्षकांनी चारही घरं आतून-बाहेरून पाहिली. चूल, माळा, कोठी, कोंबड्यांचं खुराडं. उंदीर औषधालाही नव्हता. "वा!" ते म्हणाले. "असं घर मी पाहिलं नाही." आणि पाटीवर सही करायला त्यांनी पेन काढलं.

त्याच वेळी बायकोच्या फोनची घंटी वाजली. लेक होती. बस फाट्यावर सोडून गेली, पुढे यायला काही वाहन नाही, ऊन मी म्हणतंय, बाळ रडून रडून लाल झालंय. "बाबांना सांग, काहीतरी पाठवा."

"अहो, त्यात काय!" निरीक्षक उदारपणे म्हणाले. "आमची जीप आहे ना. ड्रायव्हर, जा रे, ताईंना घेऊन ये. बाळाला मागे पोत्यांवर निवांत झोपवा म्हणावं."

 कंपाउंडरांनी सरबताचा ग्लास खाली ठेवला. काकूंनी पदर तोंडात धरला. पेंटर ब्रशचे केस मोजू लागला. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चौघांनाही प्रथमच कळलं की बाकीच्या तिघांनाही माहीत आहे. तोंड उघडायला कोणी तयार होईना. प्रत्येकाला वाटत होतं, नात हेडक्लार्कांची, तेव्हा हा विषय त्यांच्या टेबलाचा.

बायकोला चुलीजवळचा रिकामा पिंजरा आठवला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या कपाळावर घाम होता आणि नजर जीपवर. तिच्या लख्ख ध्यानात आलं.

"साहेब," ती पुढे झाली, "त्या जीपमध्ये ना—"

"जागा आहे ना, असं विचारतेय ती," हेडक्लार्क घाईने म्हणाले.

"भरपूर!" निरीक्षक म्हणाले आणि सही करू लागले.

एवढं एक वाक्य होतं बोलायचं. जीपमध्ये उंदीर आहेत. हेडक्लार्कांच्या ते ओठांपर्यंत आलंही. पण पेनची निब पाटीवर टेकली होती. त्यांनी मनाशी सगळी बाजू मांडली. रस्ता खाचखळग्यांचा आहे, उंदीर आपणहून उड्या टाकतील. ड्रायव्हर पोती झटकेलच. शिवाय जीप आता खात्याच्या अखत्यारीत येते. जीप सुरू झाली, वळली, धूळ उडवत रस्त्याला लागली. मग कुठे हेडक्लार्कांच्या तोंडून "थांबा!" असं निघालं. ते फक्त काकूंनी ऐकलं, आणि त्यांना वाटलं, सहीला म्हणतायत.

बायको मात्र अंगणात नव्हती. ती चपलाही न घालता शेतवाटेने फाट्याकडे धावत सुटली होती.

पाटी लागली. 'हे घर उंदीरमुक्त आहे.' टाळ्या झाल्या. हेडक्लार्कांनी पांगुळगाडा आणून दारात ठेवला आणि रस्त्याकडे डोळे लावून बसले.

जीप आली ती रिकामी. ड्रायव्हरचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई बसल्या," तो म्हणाला. "बाळाला पोत्यांवर ठेवलं. गाडी सुरू केली मात्र, खालून एकामागून एक... केवढाले! एक तर बाळाच्या दुपट्यावरच बसला, तुटक्या कानाचा. बाळाला काही झालं नाही. ते हसत होतं त्याच्याकडे बघून. पण ताईंनी जी किंकाळी फोडली! पिशव्या उलट्यापालट्या, उंदीर सैरावैरा. तेवढ्यात तुमच्या घरच्या बाई धापा टाकत तिथे पोचल्या. ताईंनी विचारलं, बाबांना माहीत होतं का? बाई काहीच बोलल्या नाहीत. परतीची बस आली, तीत ताई चढल्या आणि बाईही चढल्या. अनवाणीच."

"काही निरोप?" हेडक्लार्कांनी विचारलं. 

"हो. बाई म्हणाल्या, त्यांना सांग, मीही घराच्या हद्दीबाहेर गेलेय. निकाली काढा."

निरीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. नंतर त्यांनी हेडक्लार्कांच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धरा. पाटीला काही धक्का नाही. उंदीर सापडले ते फाट्यावर. फाटा दुसऱ्या निरीक्षकाकडे येतो."

दिवे लागायच्या आत उंदीर शेतवाटेने घरी आले. ढिगाऱ्याखाली आपापल्या जागी गेले. कानतुट्या तेवढा आला नाही.

आता हेडक्लार्क एकटेच राहतात. लांबलांबून लोक पाटी बघायला येतात, त्यांना ते व्याख्या समजावून सांगतात. पांगुळगाड्यात उंदरांची पिल्लं झाली आहेत. चाकं कुरकुरत नाहीत, तेल चांगलं मुरलं आहे. रोज संध्याकाळी ते शहरात फोन लावतात. लेक घेत नाही. बायको कधी घेते, कधी नाही. काल घेतला.

"कशी आहे गं ती?"

"दात आलाय एक. पुढचा."

हेडक्लार्कांना हुंदका आला. 

"मी येऊ का तिकडे? दाराबाहेरून बघून जाईन."

"लेकीला विचारलं मी. म्हणाली, बाबांना अर्ज करायला सांग. योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवते."

पलीकडून खुडबुड ऐकू आली. हेडक्लार्कांनी कान टवकारले. तो आवाज ते झोपेतही ओळखतील.

"हा तर... कानतुट्या?"

"तोच. लेकीच्या पिशवीत बसून आला फाट्यावरून. परवा जावयांनी पकडला होता, आज पुन्हा सापडलाय."

"मारला का नाही मग?"

"तुमचेच जावई ते! पहिल्या दिवशीच म्हणाले, आपण कशाला पाप घ्या. शेजारच्यांच्या गॅलरीत सोडतो. आत्ता तिकडेच निघालेत पिंजरा घेऊन."

"शेजारी काही बोलत नाहीत?"

"त्यांना कुठे पत्ता! चांगले शिकलेले आहेत. घरभर पुस्तकं. हे बघा, इथून खिडकीतून दिसतायत. समोर उंदराची कसलीशी गोष्ट धरून वाचत बसलेत आणि तुमच्यासारख्या कुणा माणसावर एकटेच हसतायत."